शेणाच्या ढिगातलं ऊन पाणी

१६ नोव्हेंबर, शनिवार

शेण! आख्खी ट्रॉली भरून शेण!

शाळेतून आले तर मागच्या गल्लीत ट्रॅक्टर उभा, आणि हे स्वतः फावडं घेऊन उतरवतायत. बाजूला सोयाबीनच्या भुशाची पोती. हाटपिपल्याच्या कुणा जुन्या मित्राकडून आणवली म्हणे. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाले, "पाणी तापवायला." जसा काही कोळसा आणलाय!

शेजारचे गणपत भिया, चौकात पोह्यांचा ठेला लावतात ते, भिंतीवरून डोकावले. "अरे संताजी भिया, भैंस कब ला रहे हो?" हे हसले नाहीत. मग गणपत भियांचंही हसू गेलं. खाली उतरून ते पोती उचलायला लागले.

जेवताना ह्यांनी समजावून सांगितलं. शेण आणि भुसा ओला करून दाबून रचला की आतून आपोआप तापतो. त्यात काळ्या पाइपची वेटोळी घालायची. टाकीचं पाणी एकीकडून आत शिरणार, दुसरीकडून गरम होऊन बाथरूमच्या नळाला येणार. "ना तार, ना जाळ." हे दोनदा म्हणाले.

ईशानी ताटाकडे बघत होती. सून आहे, काय बोलणार? मी तरी काय बोलणार?

१७ नोव्हेंबर, रविवार

एकदाच लिहिते. परत लिहिणार नाही.

आमचा मुलगा दीपेश गेल्या डिसेंबरात गेला. सकाळी. बादलीत रॉड लावला होता, पाणी तापलं का बघायला त्यानं हात घातला. बस्स. ईशानी आत चहा करत होती. तिनं दोनदा हाक मारली म्हणे. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती.

त्या रॉडचा प्लग ह्यांनी बदलून दिला होता. सगळा जन्म कारखान्यात इलेक्ट्रिकलच्या कामात गेलेला माणूस! सगळ्यांनी सांगितलं, प्लग चांगला होता, रॉडच आतून फुटलेला होता. ह्यांनी ऐकून घेतलं. मान हलवली. पण गेलं का ते डोक्यातून?

तेव्हापासून पाणी तापवण्याचे प्रयोग. आधी गॅसवर पातेलं. ते उचलून नेताना माझ्या पायावर सांडलं, फोड आले, तर गॅसही बंद. मग तांब्याचा जुना बंब काढला. गल्लीभर धूर, समोरच्यांना दमा. मग गच्चीवर काळे रंगवलेले डबे. दुपारी पाणी मस्त ऊन, सकाळी बर्फ! मग विटा तापवून बादलीत टाकायच्या. पाणी तापायचं खरं, पण चहाच्या रंगाचं. गीझरचं नाव काढायचं नाही. गॅस गीझर म्हणजे गुदमरणं. सोलर बघायला गेले तर त्याच्याही पोटात विजेचं कॉइल निघालं. तसेच परत आले.

मी दरवेळी म्हणते, जाऊ द्या ना, गार पाण्यानं काही होत नाही. त्यांना ऐकूच येत नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

ढीग उभा राहिला. माझ्या खांद्याएवढा. गार!

हे सकाळ-संध्याकाळ त्यात लोखंडी सळई खुपसतात, उपसतात, हात लावून बघतात. ताप आलेल्या मुलाचं कपाळ बघावं तसं.

वास मात्र विचारू नये. मी कपाळाला हात लावून बसले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

समोरची बाई भांडून गेली. "आंटी, पूरी कॉलोनी में बदबू है!" खरंच आहे. मी हात जोडले. आणखी काय करू? गणपत भियांनी मध्ये पडून तिला शांत केलं. जाताना हळूच मला म्हणाले, "भाभी, करने दो. आदमी सुबह उठ तो रहा है."

हो. उठतायत. मे-जूनमध्ये उठत नव्हते, हे मी विसरलेच होते.

२७ नोव्हेंबर, बुधवार

तापला! तापला मेला ढीग!

पहाटे परसात वाफ. मला वाटलं आग लागली, धावत गेले. हे सळई धरून उभे. म्हणाले, "हात लाव." लावला, आणि चटकन काढला. एवढी गरम!

मग नळ सोडला. आधी गार, मग कोमट, मग चांगलं ऊन पाणी. खरं ऊन पाणी, नळाला! ना धूर, ना तार. मला हसू आलं आणि रडूही. ह्यांनी बादली भरली आणि म्हणाले, "आधी ईशानी."

ईशानी आत गेली. हे दाराबाहेर उभे. थोड्या वेळानं हाक, "ईशानी?" आतून, "हो बाबा." परत थोड्या वेळानं, "ईशानी?" — "हो बाबा." ती बाहेर येईपर्यंत असंच. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "पानी बहुत अच्छा है, बाबा," म्हणाली आणि खोलीत गेली.

ह्यांचा चेहरा उजळला होता. वर्षभरात पाहिला नव्हता असा. म्हणून मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं.

१ डिसेंबर, रविवार

रोज. रोज दाराबाहेर उभे राहतात, रोज हाका मारतात. ती रोज उत्तर देते. कधी तोंडावर पाणी असतं, उत्तराला उशीर होतो, की ह्यांचा आवाज फाटतो. "ईशानी! ईशानी!"

आज मी हात धरून बाजूला ओढलं. म्हटलं, "अहो, तरणी पोर आहे, न्हाणीच्या दाराशी असं उभं राहू नये." एकदम लहान मुलासारखे बघायला लागले. कळलं त्यांना. दोन पावलं मागे सरकले.

आणि तिथून हाक मारली.

४ डिसेंबर, बुधवार

आज लक्षात आलं. हे स्वतः त्या पाण्यानं आंघोळ करतच नाहीत! टाकीचं गारच घेतात. मी म्हटलं, का? तर म्हणाले, "पुरलं पाहिजे तुम्हाला."

पुरून उरतं. त्यांनाही माहीत आहे.

१० डिसेंबर, मंगळवार

थंडी म्हणजे काय थंडी! शेतांत पाला पडला, दवाचं बर्फ झालं म्हणतात. शाळेत मुलं हात बगलेत घालून बसली होती. मीही खडू धरता धरता दोनदा पाडला.

घरी आले तर नवीन उद्योग. ईशानीच्या खोलीच्या भिंतीला भोक! ढिगातला पाइप आत आणून पलंगाच्या मागून भिंतीवर फिरवलाय, वर-खाली, वर-खाली, आणि परत बाहेर. खोली खरंच ऊबदार झाली. आपल्याकडे कुणाच्या घरात अशी सोय नसेल. पण दीपेशचा फोटो काढून दुसऱ्या भिंतीवर लावला होता, पाइपला जागा करायला. तिला न विचारता.

ईशानी लॅबमधून आली. रक्त-लघवी तपासायची जी लॅब आहे चौकात, तिथे कामाला जाते ती. दारात उभी राहून बघत राहिली. हे म्हणाले, "बेटा, आता रात्री गारठणार नाहीस." ती म्हणाली, "थँक्यू, बाबा."

नंतर स्वयंपाकघरात आली. भाजी निवडायला घेतली आणि तशीच बसून राहिली. म्हणाली, "आई, त्या खोलीत माझा श्वास कोंडतो."

मी म्हटलं, खिडकी उघड थोडी.

काय उत्तर दिलं मी! शरम वाटते.

१४ डिसेंबर, शनिवार

गच्चीवर उन्हात आम्ही दोघी हिरवा हरभरा सोलत होतो. ईशानीनं मान खाली घालूनच सांगितलं. एकदम.

मनन नावाचा मुलगा आहे. पूर्वी तिच्याच लॅबमध्ये होता, आता धारला स्वतःची लॅब काढलीय. मराठीच. घरी फक्त आई. दीपेश गेल्यावर तो तिच्याशी बोलायचा, बाकी सगळे नुसते बघायचे, असं म्हणाली. त्यानं विचारलंय. तिला हो म्हणायचंय.

"आई, तुम्हाला राग आला?"

राग? राग कुठून येणार! दीपेश आठवला, वाईट वाटलं एवढं खरं. आणि त्याच वेळी वाटलं, सुटली पोर. दोन्ही एकदमच वाटलं. कुठलं खरं, देव जाणे. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला हरभऱ्याची आंब लागलेली होती.

मग म्हणाली, "बाबांना कसं सांगू? ते रोज सकाळी माझ्यासाठी पाणी काढून उभे असतात. मी त्यांच्या तोंडावर कसं सांगू की मला जायचंय? तुम्ही सांगा ना, आई."

मी हो म्हटलं.

१५ डिसेंबर, रविवार

सांगितलं नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

वर्षश्राद्ध झालं. गुरुजी आले, सगळं नीट पार पडलं. ह्यांनी काही चुकवलं नाही. पान मांडलं, कावळा वेळेवर आला.

ईशानीचे आई-वडील कुक्षीहून आले होते. जेवणं झाल्यावर तिचे वडील हळूच म्हणाले, "व्याहीबुवा, थोड्या दिवसांसाठी नेतो तिला. वर्ष झालं, जरा हवापालट." मला आशा वाटली. चार दिवस लांब गेली की आपोआप सोपं होईल.

हे म्हणाले, "तुमच्याकडे पाणी कसं तापवता?"

ते बिचारे गोंधळले. "पाणी? रॉड आहे... सगळ्यांकडे असतो तसा..."

"मग नाही."

"अहो, पण..."

"मग नाही म्हटलं ना!" हे उभेच राहिले. हातातला पेला खाली पडला. ईशानीची आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. ईशानी पुढे झाली, पेला उचलला, पाणी पुसलं. म्हणाली, "पापा, मी इथेच ठीक आहे. नंतर येईन."

ते संध्याकाळच्या बसनं गेले. ती गेटपर्यंत पोचवायला गेली. परत आली तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बरोबर आहे तिचं. मी काय केलं? उभी राहून बघितलं.

२३ डिसेंबर, सोमवार

आज ठरवलं होतं. चहा दिला, समोर बसले. म्हटलं, "ईशानीचं पुढे काय करायचं, विचार केलाय?"

"केलाय ना!" म्हणाले, आणि उठून मला परसात घेऊन गेले. दुसरा ढीग कुठे रचायचा ते दाखवलं. पहिला फेब्रुवारीपर्यंत थंडावेल, तोवर दुसरा तयार. मग पहिल्याचं खत होईल. पुढच्या हिवाळ्यात मोठा पाइप. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आणखी काही.

मी "बरं" म्हटलं. माझ्या तोंडून दुसरं काही निघेचना! शाळेत चाळीस मुलांना गप्प करते मी. एका माणसाला एक वाक्य सांगता येत नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

मावठा. पहाटेपासून पाऊस, तोही धो धो. एवढा तर आषाढातही पडला नव्हता.

ढीग भिजत होता. फार पाणी शिरलं की आतली उष्णता मरते म्हणे. हे डोक्यावर पोतं घेऊन परसात. ताडपत्री ओढायची, वारा उडवून लावायचा, परत ओढायची. पायाखाली शेणाचा नुसता चिखल. दोनदा घसरले. मी ओट्यावरून ओरडतेय, "अहो, या आत! मरू द्या तो ढीग!" ऐकतील तर शपथ.

तेवढ्यात ईशानी गेली. चपलासुद्धा न घालता. दुसऱ्या बाजूनं तिनं ताडपत्री धरली. दोघं समोरासमोर, मध्ये तो वाफाळणारा ढीग. पावसाच्या आवाजात मला आधी कळलंच नाही की ती काही बोलतेय.

"बाबा, मला लग्न करायचंय!"

हे बघतच राहिले.

"मनन नाव आहे त्याचं. मी दीपेशला विसरले नाहीये. बाबा, मैं नहीं भूली! पण मला जायचंय. तुम्ही रोज मला हाक मारता ना, मी जिवंत आहे का बघायला... मी आहे, बाबा. जिवंत आहे. आता मला जाऊ द्या."

मी ओट्यावरचा खांब धरला. आता काय होणार? पेला पडला त्या दिवसासारखं ओरडणार? खाली बसणार?

ह्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. म्हणाले, "तो कोपरा धर. उडतोय."

तिनं धरला. ह्यांनी त्यावर वीट ठेवली. मग सगळीकडून विटा ठेवल्या, एकेक करून, सावकाश. आणि आत येऊन, पुसून, पांघरूण घेऊन झोपले. जेवायला उठले नाहीत.

ईशानी हुंदके देऊन रडली. मी तिचे पाय धुतले. चिखलानं माखलेले, गार पडलेले. गार पाण्यानंच धुतले, दुसरं नव्हतं.

२८ डिसेंबर, शनिवार

पाऊस थांबला. ढिगातून वाफ नाही. हे बघायलासुद्धा गेले नाहीत.

मी गॅसवर पातेलं ठेवलं. मुद्दाम, त्यांच्या डोळ्यांसमोर. उकळतं पाणी फडक्यानं धरून त्यांच्या पुढून बाथरूममध्ये नेलं. वाटलं ओरडतील. ओरडावं असं वाटत होतं! बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. ईशानी आंघोळीला गेली, तर हाकही नाही.

महिनाभर त्या हाकांना कंटाळले होते. आज घर इतकं शांत की मला धडकी भरली.

३० डिसेंबर, सोमवार

तीच गत. अंगात कणकण आहे, पण गोळी घेत नाहीत. गणपत भिया सकाळी गरम पोहे घेऊन आले, वरून शेव-डाळिंब, सगळं. "संताजी भिया, दो चम्मच तो." दोन चमचे खाल्ले. गणपत भिया भिंतीपलीकडे गेल्यावर त्यांनी डोळे पुसलेले मी पाहिले.

ईशानी म्हणते, मी मननला नाही म्हणून सांगते. मी म्हटलं, खबरदार! कुठून आला एवढा जोर, माहीत नाही. पहिल्यांदाच आवाज चढला माझा. मग बराच वेळ दोघी एकमेकींचा हात धरून बसलो.

संध्याकाळी ह्यांनी एवढंच विचारलं, भिंतीकडेच तोंड करून, "काय करतो मुलगा?"

ईशानी दारातून म्हणाली, "लॅब आहे, बाबा. धारला."

ह्यांनी पांघरूण डोक्यावर ओढलं.

२ जानेवारी, गुरुवार

हे घरात नाहीत!

उठले तर अंथरूण रिकामं. नीट घडी घातलेलं. त्यानं जास्त भीती वाटली. हे कधी घडी घालत नाहीत. फोन उशाशी. चपला नाहीत. परसात बघितलं, गच्चीवर बघितलं. गणपत भिया ठेला सोडून स्कूटरवर टेकडीकडे गेले, तिथून स्टेशनकडे. माझ्या मनात रेल्वेचे रूळ आले आणि मी तिथेच पायरीवर बसले.

ईशानी लॅबला गेली नाही. गल्लीच्या तोंडाशी जाते, परत येते. "माझ्यामुळे, आई. मी पावसात तसं बोलायलाच नको होतं." माझंही तेच चाललं होतं. तिच्याआधी मी का नाही बोलले? घरात बसून सांगितलं असतं तर?

कारखान्यातल्या जुन्या मित्रांना फोन केले. कुणी पाहिलं नाही. गणपत भिया परत आले, मान हलवली. म्हणाले, "भाभी, अब थाने चलें?"

पदर खोचतेय. लिहितेय कशाला, कुणास ठाऊक.

२ जानेवारी, दुपार

ठाण्याच्या दारातच फोन आला. धारहून, मननच्या आईचा, जानकीबाईंचा. म्हणाल्या, "तुमचे यजमान आलेत आमच्याकडे, सकाळच्या बसनं. लॅब शोधत शोधत आले. पेढे घेऊन आलेत हो! मी विचारलं, आपण कोण? तर म्हणाले, मुलीकडचे."